जिताड्याच्या अंगावर जखमा दिसल्या की पहिल्यांदा काय करावे?

पत्र : आम्ही नऊ बायका बचत गटातून मालवण तालुक्यातल्या एका खाडीत जिताड्याचे चार पिंजरे चालवतो. प्रत्येक पिंजरा चार बाय दोन बाय दोन मीटरचा, आत साधारण आठशे मासे, सरासरी वजन चारशे ग्रॅम. खाद्य म्हणून बाजारातली बारीक मासळी चिरून घालतो. पावसात सगळे छान होते. पाऊस सरल्यावर मासे जाळ्याला अंग घासू लागले, मग काहींचे डोळे धुरकट झाले, आता पंधरा दिवसांपासून अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसतात. रोज पाच-सात मरतात, मागच्या आठवड्यात एका पहाटे तर एकदम तीस मेले. दुकानदाराने एक पिवळी पावडर दिली आहे, मूठभर खाद्याला चोळा आणि थोडी पाण्यातही टाका म्हणतो. पिशवीवर नाव नाही. टाकू का? जखमी मासे स्वस्तात विकले तर चालेल का? गटातल्या दोघी-तिघी म्हणतात पिंजरेच बंद करू. कर्ज डोक्यावर आहे. काय करावे?
– एक वाचक भगिनी, मालवण तालुका

ताई,

ती पावडर आज टाकू नका. पिशवी तशीच बांधून बाजूला ठेवा आणि आधी हे पत्र गटात सगळ्यांना वाचून दाखवा. मासे अजून हातचे गेलेले नाहीत, असे मला तुमच्या पत्रावरून मनापासून वाटते.

तुम्ही घडलेल्या गोष्टी ज्या क्रमाने लिहिल्यात, तो क्रम फार मोलाचा आहे. आधी अंग घासणे, मग डोळे धुरकट, मग जखमा. जखम सगळ्यात शेवटी आली. अंग घासणारा मासा बहुतेक वेळा सांगत असतो की त्याच्या कातडीवर किंवा कल्ल्यांवर परजीवी बसले आहेत. घासून खवले निघतात, वरचा बुळबुळीत थर जातो, आणि खाऱ्या पाण्यात नेहमीच असणारे व्हिब्रिओ जातीचे जिवाणू त्या उघड्या जागेतून आत शिरतात. लाल चट्टे आणि चरत जाणाऱ्या जखमा हे त्यांचे काम. औषध जखमेला दिले आणि किडा अंगावर तसाच ठेवला, तर आठवड्याभरात नवीन जखमा तयार होतात. जिताडा असो, मोदुसा असो की हेकरू, पिंजऱ्यातल्या समुद्री माशांचे बरेचसे आजार याच वाटेने येतात.

पावसात छान आणि पाऊस सरल्यावर वाईट, असे का झाले? जून ते सप्टेंबर खाडीचे पाणी गोडसर असते. जिताडा ते मजेत सोसतो, पण अंग घासायला लावणारे परजीवी बहुधा समुद्रातल्या चपट्या कृमी असतात, आणि त्यांना ते मानवत नाही. पाऊस थांबला, नदीचा ओघ आटला की पाणी पुन्हा खारट होते, ऑक्टोबरच्या उन्हाने तापते, आणि कृमींची वाढ झपाट्याने होते. तुमचे मासे त्याच वेळी मोठे होऊन पिंजऱ्यात दाटी झालेली असते.

आता उद्या सकाळी करायचे काम. एका स्वच्छ बादलीत विहिरीचे गोडे पाणी घ्या. नळाचे क्लोरीनवाले पाणी नको. बादली आतून काळी किंवा गडद निळी असेल तर उत्तम. अंग घासणारा पण अजून तरतरीत असा एक मासा त्यात सोडा आणि पाच ते दहा मिनिटे बघत राहा. कातडीवरच्या कृमी जिवंत असताना काचेसारख्या पारदर्शक असतात, म्हणून इतके दिवस कोणाला दिसल्या नाहीत. गोड्या पाण्यात त्या दुधी पांढऱ्या होतात आणि सुटून तळाला पडतात. दोन ते पाच मिलिमीटरचे, पांढरे, चपटे ठिपके तळाशी दिसले की रोगाचे नाव कळले. डोळा धुरकट होण्याचे कारणही पुष्कळदा त्याच असतात, कारण त्या बुबुळावरही बसतात. चारही पिंजऱ्यांतले तीन-तीन मासे असे तपासा आणि प्रत्येकाच्या अंगावरून किती पडल्या ते वहीत लिहा.

तळाशी काही पडले नाही तर कल्ल्याचे झाकण उचलून बघा. निरोगी कल्ला लालभडक असतो. फिकट, चिकट थराने माखलेला, मधेच झडलेला असेल तर कल्ल्यावरच्या बारीक कृमी असू शकतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. कल्ल्यात किंवा तोंडात अळीएवढा टणक, पायवाला किडा बसलेला दिसला तर तो चिमट्याने काढून मारायचा. परत खाडीत टाकायचा नाही.

कृमी सापडल्या, तर उपचार तुमच्या विहिरीतच आहे. जिताडा गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगणारा मासा, त्यामुळे खाऱ्यातून थेट गोड्यात घातलेले त्याला दहा-पंधरा मिनिटे सहज चालते. आंघोळीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, काठावर किंवा होडीत हजार लिटरची टाकी भरा. पाणी खाडीइतकेच कोमट असू द्या. विहिरीतून काढलेले गार पाणी एकदम वापरू नका, आदल्या रात्री भरून ठेवा. बॅटरीवरचे दोन हवापंप आधी सुरू करा, मग मासे घाला. एका वेळी वीस-पंचवीस किलोंपेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या वजनाचे पन्नास-साठ मासे. आधी पाचच मासे घालून दहा मिनिटे बघा, ते ठीक असतील तरच पुढे जा. पूर्ण वेळ एकीने टाकीवरून नजर हलवायची नाही. मासे कुशीवर वळू लागले की घड्याळ न बघता बाहेर काढायचे. चार-पाच खेपांनंतर टाकीचे पाणी बदला, आणि वापरलेले पाणी खाडीत ओतू नका, जमिनीवर जिरवा.

ज्यांच्या जखमा खोल आहेत, मांस दिसते आहे, त्यांना या आंघोळीत घालू नका. उघड्या जखमेतून गोड्या पाण्यात शरीरातले क्षार निघून जातात आणि तो मासा वाचत नाही. असे मासे वेगळे काढून मारावे लागतील. हे जड जाते, मला ठाऊक आहे. पण मरायला टेकलेला एकेक मासा बाकीच्या सातशे-आठशेंसाठी जंतूंचा साठा असतो.

पुढचा भाग आंघोळीपेक्षाही महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. गोड्या पाण्याने कृमी मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. अंड्यांना लांब दोरे असतात, त्यांनी ती जाळ्यात अडकून राहतात आणि या उष्ण पाण्यात आठवड्याच्या आत फुटतात. म्हणून आंघोळ झालेला मासा जुन्या जाळ्यात परत सोडला तर सगळी मेहनत वाया जाते. जाळे त्याच दिवशी बदला. जुने जाळे घासून, धुऊन कडक उन्हात चार दिवस वाळवा. शक्यतो चारही पिंजरे लागोपाठ दोन दिवसांत उरका. एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असे केले तर कृमी शेजारून परत येतील. आणि आठ-दहा दिवसांनी दुसरी आंघोळ द्या. मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांतून आलेल्या कृमी तेव्हा माशावर असतात, पण त्यांनी स्वतः अंडी घालायला अजून सुरुवात केलेली नसते. ही दुसरी आंघोळ चुकवू नका, मासे बरे दिसले तरी.

एका पहाटे तीस मासे मेले, ते मात्र मला वेगळे प्रकरण वाटते. कॅलेंडर काढून त्या दिवसाची तिथी बघा. अष्टमी ते दशमीच्या आसपासची असेल, तर तो भांगाचा काळ होता. उधाणाला पाणी पिंजऱ्यातून जोरात वाहते, भांगाला ते जवळजवळ थबकते. त्यात जाळ्यावर शेवाळ, शिनाणे, कालवे बसून आस म्हणजे जाळ्याची भोके बुजलेली असतील तर आतला प्राणवायू पहाटेपर्यंत संपत येतो. आणि कल्ल्यांवर कृमी असलेला मासा सगळ्यात आधी गुदमरतो. तुमच्या आकड्यांचा हिशेब मांडला तर एका पिंजऱ्यात ८०० मासे गुणिले ४०० ग्रॅम म्हणजे ३२० किलो, पिंजरा १६ घनमीटरचा, म्हणजे दर घनमीटरला २० किलो. प्रवाह कमी असलेल्या खाडीत, साध्या जाळ्यात, हे फार झाले. दहा-बारा किलोंच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे. आणखी तीन-चार पिंजरे जमत नसतील तर सगळ्यात मोठे, स्वच्छ अंगाचे मासे आत्ताच काढून विका. किलोभराचा मासा होईपर्यंत थांबण्याचा मोह होतो, भावही चांगला मिळतो, पण दाटीतला मासा किलोभराचा होईलच याची खात्री नाही.

भांगाच्या दिवसांत खाद्य निम्मे करा, संध्याकाळी उशिरा घालू नका. पूर्ण ओहोटीलाही पिंजऱ्याचा तळ आणि खाडीचा तळ यांत निदान दोन मीटर पाणी राहते का तेही मोजा. राहत नसेल तर पिंजरे खोल जागी सरकवा, कारण तळाशी साचलेल्या खाद्याच्या चिखलातून रोग आणि घाण दोन्ही वर येतात.

आता पावडर. खाद्यातून देण्याचे जिवाणूनाशक हे आजारी माशाचे औषध आहे असे आपण धरून चालतो, पण खरा आजारी मासा खातच नाही. औषध पोटात जाते ते अजून खाणाऱ्यांच्या. म्हणून ते फार लवकर दिले तरच उपयोगी, आणि तेही नेमक्या मात्रेत, पिंजऱ्यातल्या एकूण वजनाच्या हिशेबाने, ठरलेले सर्व दिवस. मूठभर चोळून चार दिवस दिले की कमकुवत जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही, तुमच्याही पिंजऱ्यात आणि खाडीतल्या शेजाऱ्याच्याही. पाण्यात टाकण्याचा सल्ला तर साफ चुकीचा आहे. पिवळी पावडर ऑक्सिटेट्रासायक्लिन नावाचे जिवाणूनाशक असावी असा माझा अंदाज आहे. ते समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होते, आणि उरलेले ओहोटीबरोबर वाहून जाते.

त्यातही पिशवीवर नाव नाही, ही सगळ्यात गंभीर गोष्ट. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधे खाण्याच्या माशांना द्यायला आपल्याकडे बंदी आहे. निनावी पावडरीत तेच असेल तर तुम्हाला कळणार कसे? औषधाचे नाव, प्रमाण, आणि शेवटच्या डोसानंतर किती दिवस मासा विकायचा नाही ही मुदत, हे तिन्ही छापलेले नसेल तर ती पिशवी घेऊच नका. मॅलॅकाइट ग्रीन नावाचा हिरवा रंग कोणी सुचवेल, तोही नको. फॉर्मेलिनही नको: ते पाण्यातला प्राणवायू घटवते आणि हाताळणाऱ्या बाईच्या डोळ्यांना, श्वासाला अपाय करते. २०१८ साली फॉर्मेलिनच्या नुसत्या संशयाने गोव्याचा मासळी बाजार हादरला होता. तुमचा मासा त्याच बाजारांत जातो.

तरीही जखमा वाढत गेल्या तर जिवाणूनाशक लागू शकते, ते मी नाकारत नाही. पण ते तपासणीनंतर. मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवा आणि रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आधी फोन करून नमुना घेऊन जा. नमुना म्हणजे मेलेला, फुगलेला मासा नव्हे. त्यात कुजणारे जिवाणूच सापडतात. नुकते आजारी पडलेले चार-पाच मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंत न्या. ते अशक्य असेल तर ताजे मारून बर्फात न्या, पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे तिथून कळले की मग पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर औषध घ्या. ‘रिपोर्ट फिश डिसीज’ नावाचे सरकारी मोबाइल अ‍ॅप २०२३ मध्ये आले आहे, त्यावर फोटोसह नोंद करा. गटातली कोणाची मुलगी-मुलगा ते पटकन करून देईल.

डोळ्यांबद्दल एक वेगळी सूचना. डोळा नुसता धुरकट नसून बाहेर आलेला असेल, मासा गोल गोल फिरत असेल, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घ्या. तो उष्ण पाण्यात जिताड्याला होतो आणि हातावरच्या जखमेतून माणसालाही होऊ शकतो. काही व्हिब्रिओही तसेच. म्हणून आजपासून कोणीही उघड्या हाताने मासे हाताळायचे नाहीत, जाड रबरी हातमोजे घालायचे. ज्यांना मधुमेह किंवा यकृताचा त्रास आहे त्यांनी या दिवसांत माशाला हात लावायचे काम दुसरीकडे द्यावे. कोणाचा हात काटा टोचून सुजला, लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि “आम्ही आजारी मासे हाताळतो” हे स्वतःहून सांगा. मासे परत आणता येतील, ताई. या बाबतीत उद्यावर ढकलू नका.

तुमच्या वर्णनात न बसणारे दोन आजार थोडक्यात सांगते, कारण पुढे कधीतरी गाठ पडेल. अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके आणि दोन-तीन दिवसांत धडाधड मर, हा समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्याचा परजीवी कातडीच्या आत शिरलेला असतो, म्हणून गोड्या पाण्याची छोटी आंघोळ पुरत नाही. तिथे दर तीन दिवसांनी स्वच्छ जाळे आणि वाहत्या, खोल पाण्यात स्थलांतर हाच मार्ग. दुसरा, बोटुकल्यांचा म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचा मज्जासंस्थेचा विषाणू: पिल्ले काळपट पडतात, गिरक्या घेतात, पोट वर करून तरंगतात. त्याला औषध नाही, कोणी विकले तरी नाही. बीज घेतानाच पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा दाखला मागायचा, तेवढेच हाती असते.

खाद्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते. चिरलेली कच्ची मासळी स्वस्त पडते खरी, पण तिच्याबरोबर जंतू, परजीवी आणि विषाणूही पिंजऱ्यात येतात. तारली, पेडवे यांसारख्या मासळीत जीवनसत्त्व ब-१ मोडणारा घटक असतो. महिनोन्‌महिने तेच घातले तर मासा अशक्त होतो. आणि बर्फाशिवाय अर्धा दिवस पडलेली मासळी तर यकृतच बिघडवते. हळूहळू गोळीखाद्याकडे वळा. जिताडा सुरुवातीला गोळी नाकारतो, म्हणून चिरलेल्या मासळीत थोडी थोडी भिजवलेली गोळी मिसळून प्रमाण वाढवत न्या, तीन-चार आठवडे लागतील. तोवर मासळी फक्त ताजी, बर्फातली, आणि वीस मिनिटांत संपेल तेवढीच. याच वेळी माशांची आकाराने प्रतवारीही करा. जिताडा आपल्याच लहान भावंडांना चावतो, आणि तो चावा म्हणजे जिवाणूंना आणखी एक दार.

मेलेले मासे दिवसातून दोनदा काढा. खाडीत नाही, कुत्र्यांना नाही. भरतीरेषेच्या वर, विहिरीपासून लांब, खोल खड्डा करून चुन्याचा थर देऊन पुरा. हातजाळी, बादल्या प्रत्येक पिंजऱ्याला वेगळ्या ठेवा.

विकण्याबद्दल: जखमी, डोळे धुरकट झालेला किंवा बाहेर आलेला मासा विकू नका, स्वस्तातही नाही, घरीही खाऊ नका. स्वच्छ अंगाचा, चपळ, कुठलेच औषध न दिलेला मासा मात्र बिनदिक्कत विका. आज पावडर टाकू नका म्हणण्याचे हेही एक कारण आहे. ती टाकलीत तर हे चांगले मासेही तुम्हाला विकता येणार नाहीत, आणि दाटी कमी करण्याचा रस्ताच बंद होईल.

राहिला प्रश्न पिंजरे बंद करण्याचा. त्या दोघी-तिघींवर रागावू नका, त्यांची भीती खरी आहे. पण निर्णय आत्ता घेऊ नका. चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्त जागेत जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले, २००७ पासून सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या किनाऱ्यांवर समुद्री पिंजरे उभे केले, आणि तिथेही हेच परजीवी, हेच जिवाणू भेटले. तुमच्या हातून काही अघटित घडलेले नाही. दोन आंघोळी, नवी जाळी आणि विरळ पिंजरा एवढे करा, आणि दुसऱ्या आंघोळीनंतर दहा दिवसांनी पुन्हा बादलीची परीक्षा घ्या. रोजची मर एक-दोनवर आली आणि बादलीच्या तळाशी काही पडले नाही, तर हा हंगाम पुढे न्या. मर तशीच राहिली तर स्वच्छ मासे विकून पिंजरे रिकामे करा, जाळी वाळवून महिनाभर जागा मोकळी ठेवा, आणि कर्जाच्या हप्त्यासाठी बँकेत मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे केलेल्या नोंदीची प्रत घेऊन जा. ती प्रत मिळावी म्हणूनच, मर सुरू असतानाच, उद्या लेखी कळवायला सांगते आहे. अर्जावर रोज मेलेल्या माशांचा आकडा तारखेसह घाला आणि पोच घ्या.